बहार धरणें

पेरूला आपल्याकडे कोणी फळांत फारसें धरीत नाहीं. आंबा घरीं येतो तो जांवयासारखा. त्याची आढी लागते, त्याच्यासाठीं पाट मांडले जातात, व्याह्यांकडे त्याची करंडी जाते. केळें देवाच्या पूजेचें, नारळ मंगलकार्याचा, डाळिंब आजाऱ्याच्या उशाचें. पेरू मात्र शाळेच्या फाटकाशीं बसलेल्या म्हातारीच्या पाटींतला. चार फांकी करून तिखटमीठ भरलेला, आणि तोंड पुसून घरीं येण्याच्या कामाचा. आमच्या लहानपणीं तो विकत घेऊन खाणें हेंच मुळीं कमीपणाचें वाटे. शेजाऱ्याच्या परसांतून काढून आणणें हीच त्याची रीत. पुढें दांत गेले, कवळी आली, आणि पेरूची एकच बी तिच्याखालीं सांपडली म्हणजे मनुष्याची काय अवस्था होते हें आम्हीं एका पंगतींत अनुभवलें. तेव्हांपासून आम्ही पेरू खात नाहीं. परंतु त्याच्याविषयीं लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें, कारण एक वर्ष आम्हीं पेरूची बाग राखली आणि जवळजवळ बुडविली.

त्याच्या नांवापासूनच गंमत आहे. पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचें फळ, अशी साधारण समजूत. आणि तें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर इकडे आलें असल्यामुळें ती पटतेहि. पण पोर्तुगीज भाषेंत 'पेरा' म्हणजे नासपती. गोव्यांत या फळाला अजून 'पेर' म्हणतात, आणि त्याचा गूळ-साखरेसारखा घट्ट आटविलेला 'पेराद' नाताळांत घरोघर होतो. इतकेंच नव्हे, उत्तरेकडे ज्याला 'अमरूद' म्हणतात तो फारशी शब्दहि नासपतीचाच. म्हणजे समुद्रानें आलेले आणि खुष्कीनें आलेले असे दोन्ही लोक या परक्या फळाकडे पाहून एकच म्हणाले, कीं ही आपल्याकडची नासपती दिसते. आमचा कौल म्हणूनच देशापेक्षां नासपतीकडे आहे. परका असून तो इतका घरचा झाला, कीं सत्यनारायणाच्या फळांत बसतो आणि एकादशीला चालतो. पण एकादशीचें म्हणाल तर बटाटा, रताळें, भुइमूग आणि साबुदाण्याचा कंद हीं सर्वच मंडळी मूळची अमेरिकेची! आमच्या आजीला हें कोणी सांगितलें नाहीं, हें तिच्या उपासांचें भाग्य.

वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूला जंबुल कुलांत घालतात. म्हणजे जांभूळ, जाम, लवंग आणि निलगिरी हीं त्याचीं भावंडें. ज्यांस हें नातें खोटें वाटेल त्यांनीं पेरूचें एक पान सूर्याकडे धरून पाहावें. त्यांत सुईनें टोंचल्यासारखे असंख्य बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथि. पान चुरगळलें कीं वास येतो तो त्यांचाच. आमच्या घरीं तोंड आलें म्हणजे पेरूचा कोंवळा पाला चावण्यास देत, आणि पोट बिघडलें म्हणजे त्याचाच काढा. संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व या चार आण्यांच्या फळांत आहे, हें मागाहून छापून येऊं लागलें.

आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, यांनीं ही बाग लावली ती १९७४ सालीं. त्याच्या आधींचा १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना तें कळणार नाहीं. आमच्या विहिरीचा तळ त्या वर्षीं दिसला. दादांनीं ती आणखी दोन पुरुष खणून घेतली. जेमतेम झरा लागला. जमीन मुरमाड, पाणी हातचें राखून वापरण्याचें. अशा ठिकाणीं ऊंस किंवा द्राक्ष यांचा विचार वेड्यानेंच करावा. दादांनीं पेरू निवडला. पेरूला भारी जमिनीचा आग्रह नाहीं, तो अवर्षणांत मरत नाहीं, आणि कलम असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीं फळ दाखवितो. बी लावूनहि झाड येतें, पण तें आईबापांसारखें निघेल याची शाश्वती नसते. दादांनीं दाब कलमें आणलीं. फांदी वांकवून, तिची साल काढून मातींत दाबली, कीं मुळें फुटून होतात तीं.

जात लखनौ-४९. या जातीला नांव लखनौचें असलें तरी तिची निवड पुण्यास गणेशखिंडींत झाली. तिकडून आणलेल्या 'अलाहाबाद सफेदा' या वाणाच्या रोपांतून डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं हें झाड वेगळें काढलें. पुढें तिचें नांव 'सरदार' झालें, आणि महाराष्ट्रांतील बहुतेक बागा तिच्याच झाल्या. झाड बुटकें, पसरट. फळ वाटोळें, किंचित् खरबरीत सालीचें, आंत पांढरें आणि गोड. दादांना मात्र अखेरपर्यंत 'लखनौ' हेंच नांव तोंडीं होतें.

वीस-वीस फुटांवर खड्डे घेतले तर एका एकरांत १०८ झाडें बसतात. दादांनीं हा हिशेब मांडला आणि जपमाळेचे मणी निघाले म्हणून त्यांस विलक्षण आनंद झाला. वहिनी प्रत्येक खड्ड्यापाशीं उभ्या राहून मोजीत होत्या, हें आम्हांस आठवतें. आम्ही तेव्हां नोकरीवर. रजेंत गेलों होतों, आणि छत्री घेऊन बांधावर उभे होतों.

आतां ज्यावर ही सगळी गोष्ट अडकली आहे तें सांगितलें पाहिजे. पेरू नव्या फुटीवर फुलतो. कोंवळी डहाळी निघाली कीं तिच्या पानांच्या बगलेंत एक, दोन, फार तर तीन पांढरीं फुलें येतात; पाकळ्या चार-पांच, आणि मध्यें केसरांचा दाट झुबका. पाणी व खत सतत मिळत गेलें तर झाड वर्षभर थोडें थोडें फुटतें, थोडें थोडें फुलतें, आणि बाजारांत नेण्याजोगें एकदम कधींच देत नाहीं. म्हणून बागवान त्याला उपाशी ठेवतो. पाणी तोडावयाचें, हलक्या जमिनींत महिना-सवा महिना, भारी जमिनींत दोन महिने. पानें पिवळीं पडून गळूं लागतात, वाढ थांबते, झाड आपली शक्ति फांद्यांत गोळा करून स्वस्थ बसतें. याला ताण देणें म्हणतात. मग बुंध्याभोंवतालची माती चाळून, बारीक मुळ्या उघड्या करून, चार-पांच टोपल्या शेणखत घालून माती सारखी करावयाची, आणि पहिलें पाणी हलकें, दुसरें भरपूर द्यावयाचें. तीन आठवड्यांत अंगभर पालवी आणि अंगभर फुलें! हें बहार धरणें.

बहार तीन. जून-जुलैत फुलें येऊन थंडींत फळ पिकतें तो मृग बहार. आश्विन-कार्तिकांत फुलून उन्हाळ्याच्या तोंडीं येतो तो हस्त. आणि माघ-फाल्गुनांत, आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलून भर पावसांत पिकतो तो आंबे बहार. फळ गोड तें मृगाचें. पावसांतलें फळ पाणचट, आणि त्यांत फळमाशीची अळी ठरलेली. पण दादांनीं मृग धरला तो केवळ गोडीसाठीं नव्हे. मृग बहाराला ताण पडतो तो चैत्र-वैशाखांत, म्हणजे नेमकी ज्या दिवसांत विहीर आटते त्या दिवसांत बाग पाणी मागत नाहीं. झाड आणि विहीर दोन्ही एकाच वेळीं विसावा घेतात, आणि पहिलें पाणी पुष्कळदां मृगाचा पाऊसच घालतो. देशावरील कोरड्या मुलखाला याहून शहाणी सोय आम्हांस ठाऊक नाहीं. दादांच्या वहींत दर वर्षींची एक ओळ असे: अमुक तिथीस पाणी तोडलें, अमुक तिथीस दिलें. बावीस वर्षांच्या बावीस ओळी. दुसरा शब्द नाहीं.

१९९६ सालीं दादा गेले. त्याच वर्षीं आम्ही सेवानिवृत्त होऊन गांवीं आलों. वहिनी, त्यांची धाकटी मुलगी, आम्ही आणि आमचें कुटुंब अशीं चौघें घरांत. आमचे चिरंजीव परगांवीं नोकरीला, थोरल्या पुतणीचें लग्न झालेलें. बाग दादांची व वहिनींची, हें सर्वांनीं मानलेलें. तथापि कर्ता पुरुष म्हणून कारभार सहजच आमच्याकडे आला. पहिलें वर्ष म्हाताऱ्या माळ्यानें पूर्वींप्रमाणें पार पाडलें. १९९८ च्या उन्हाळ्याअखेर धाकटी पुतणी बारावी होऊन शेतकी महाविद्यालयांत जाणार, फी व वसतिगृह मिळून अकरा हजारांच्या आसपास रक्कम लागणार, हें आदल्या दिवाळीपासून दिसत होतें.

ती रक्कम आमच्यापाशीं होती. निवृत्तीच्या पैशांची मुदतीची ठेव होती. ती मोडली असती तर व्याज बुडालें असतें, एवढेंच. हें आम्हीं त्या वेळीं कोणास बोलून दाखविलें नाहीं, स्वतःसहि नाहीं. स्वतःस आम्हीं असें सांगितलें, कीं मुलीचें शिक्षण तिच्या बापाच्या बागेवरच व्हावें, यांत तिचा मान आहे. आणि मृगाचें फळ नुकतेंच उतरत असतां, जानेवारींतच, आम्हीं आंबे बहारहि धरावयाचा असें ठरविलें. एका वर्षीं दोन पिकें! विजेचा पंप होता, युरिया बाजारांत मिळत होता. झाडांस विसावा हवा ही जुन्या लोकांची समजूत, असें आमचें मत पडलें. आमचा आयुष्याचा व्यवसाय हिशेबाचा होता, आणि कागदावर तो हिशेब निर्दोष होता.

माळी ऐकून घेऊन गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "धाकटं मालक, दिसभर नांगराला जुपल्याला बैल रातच्याला पुन्हा कुनी मोटंला जुपत न्हाई."

आम्हीं त्यास विचारलें, कीं झाड आणि बैल यांत कांहीं फरक आहे कीं नाहीं? तो म्हणाला, "हाय की. बैल बसकन तरी मारतो."

वहिनींस विचारलें नाहीं. त्या स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या, एवढें मात्र खरें.

फेब्रुवारींत झाडें फुललीं. रोज सकाळीं बागेंत जाऊन आम्ही तीं फुलें पाहत असूं, आणि माळ्याकडेहि पाहत असूं. मार्चअखेर सुपारीएवढीं फळें धरलीं. आणि मग फळ पोसावयाचें तर पाणी हवें, ही साधी गोष्ट समोर उभी राहिली. दर आठवड्यास १०८ झाडें. चैत्रांत पंप दोन तास चाले, वैशाखांत पाऊण तासांत हवा ओढूं लागे. बावीस उन्हाळे जी विहीर त्या दिवसांत निवांत होती, तिच्यांतून आम्हीं रोज उपसा केला. मेच्या दुसऱ्या आठवड्यांत एका पहांटे पंप सुरू केला आणि नुसता घरघर आवाज आला. खालीं वांकून पाहिलें तों १९७२ नंतर प्रथमच तळाचा खडक दिसत होता.

पिण्याचें पाणी शेजारच्या मळ्यांतील विहिरीवरून आणावें लागलें. गडीमाणूस आणीत असे. पण देवपूजेची घागर वहिनी स्वतः आणीत. वय छप्पन, पहांटेच्या अंधारांत, डोईवर पदर घेऊन, बांधाबांधानें. आम्ही अंथरुणांत जागे असूं. घागर ठेवल्याचा आवाज येई.

गोठ्यांत दोन गाई होत्या. जनावरांस पाणी दूरवरून कोठून पुरविणार? जूनच्या पहिल्या आठवड्यांत वहिनींनीं त्या विकल्या. आम्हीं म्हटलें, "वहिनी, पाऊस आठ दिवसांवर आला आहे, थांबावें." त्या म्हणाल्या, "भावोजी, फी भरण्याची तारीख पंधरा आहे." याहून अधिक त्या तेव्हां बोलल्या नाहींत आणि नंतरहि बोलल्या नाहींत. गाईंचे पैसे फीस पुरले. गाई गेल्या तसें शेणखत गेलें, म्हणजे पुढल्या बहाराचें अन्नहि गेलें. हें आमच्या हिशेबाच्या कागदावर कोठेंच नव्हतें.

पाऊस लागला आणि उरलेलीं फळें भराभर फुगलीं. जुलैत पाट्या भरून बाजारांत पाठविल्या. तिसऱ्या दिवशीं व्यापाऱ्याचा निरोप आला, कीं माल पाठवूं नये. फळ कापून पाहिलें तर आंत अळ्या वळवळत होत्या. फळमाशी पिकूं लागलेल्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते; वरून एक टांचणीएवढा डाग, आंत सर्व नासाडी. फळ गळून पडतें, अळी जमिनींत शिरून कोष करते, आणि नवी माशी वर येते. गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरणें हा त्यावर उपाय, आणि तोच काय तो आम्हीं त्या वर्षीं मनापासून केला. महिनाभर बागेंत आंबूस वास भरून राहिला होता. वाहतूक वजा जातां हातीं आले ते पैसे युरियाच्या उधारीसहि पुरले नाहींत. मृगाचीं फुलें नांवाला आलीं. दिवाळीनंतर शेंड्यांकडून फांद्या वाळूं लागल्या, आणि वर्ष उलटेपर्यंत सतरा झाडें समूळ वाळलीं.

बाग उरली ती माळ्यामुळें. १९९९ च्या मे महिन्यांत त्यानें करवत मागितली. वाळलेल्या फांद्या तर त्यानें काढल्याच, पण जिवंत फांद्याहि हातभर ठेवून छाटल्या. मोरचूद एक भाग, चुना एक भाग व पाणी दहा भाग असें बोर्डो मलम करून प्रत्येक कापावर लावलें. एक्क्याण्णव झाडें हात तुटल्यासारखीं उभीं होतीं. आम्हांस तिकडे पाहवेना. पण पेरू नव्या फुटीवर फुलतो हेंच या धाडसाचें मर्म. दोन पावसांत खुंटांवर कोंभांचे झुबके आले. त्यांतले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे त्यानें नखानें खुडले. त्या वर्षीं फळ घेतलें नाहीं. २००० सालीं चैत्रांत पाणी तोडण्याच्या दिवशीं माळ्यानें वही मागितली. त्यास लिहितां येत नव्हतें. तिथि वहिनींनीं लिहिली. दादांच्या शेवटच्या ओळीखालीं, चार ओळी कोऱ्या सोडून.

पुतणीच्या पुढील तीन वर्षांची फी आम्हीं ठेव मोडून भरली. कोणी मागितली नव्हती. मनांत थोडें हलकें वाटत होतें तें २००२ च्या जानेवारीपर्यंत. त्या वेळीं मृगाचा माल उत्तम विकला गेला होता. एका दुपारीं वहिनी वर्तमानपत्रांत बांधलेलें एक पुडकें आणि एक लहान वही घेऊन आल्या. वहींत 'भावोजींकडून उसने' या मथळ्याखालीं तीन वर्षांच्या तीन रकमा, तारखांसह. व्याजहि लावलेलें होतें. मुदतीच्या ठेवीच्या दरानें. तो दर त्यांस कोठून कळला हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. नको म्हणावें असें वाटलें. पण नको म्हणण्यास जें तोंड लागतें तें १९९८ च्या उन्हाळ्यांतच आम्हीं घालविलें होतें. पैसे आम्हीं घेतले. त्यांतून दुसऱ्या आठवड्यांत एक गाय घेऊन गोठ्यांत बांधली. वहिनींनीं तिला ओंवाळलें आणि बाहेर येऊन विचारलें, "केवढ्याला पडली?" आम्हीं सांगितलें. संध्याकाळीं तो आंकडा वहींत होता. पण उसने या मथळ्याखालीं नव्हे, 'घरखर्च' या मथळ्याखालीं.

वाचकभगिनी विचारतील, कीं एवढ्या पेरूंचें घरांत काय होत असे. पिकल्या फळाची दह्यांतली कोशिंबीर तर सर्वत्र होते. वहिनींची ख्याति जेलीची. तिला पूर्ण पिकलेलें फळ चालत नाहीं. गदरलेलेंच हवें, कारण रस गोठविणारें पेक्टिन त्यांत अधिक. फोडी बुडतील इतक्याच पाण्यांत मऊ शिजवून फडक्यांत टांगावयाच्या, आणि रात्रभर आपोआप ठिबकेल तेवढाच रस घ्यावयाचा. फडकें पिळलें कीं जेली गढूळ झालीच. मग रसाच्या पाऊणपट साखर व लिंबाचा रस घालून, चमच्यावरून धार न पडतां पडदा सुटेपर्यंत उकळावयाचें. आमच्या घरांतील मंडळीनें ती कृति कितीदां तरी केली. फडकें पिळण्याचा मोह तिला आंवरत नाहीं.

माळी आतां नाहीं. ९१ झाडांतलीं चौदा उरलीं आहेत. पेरूच्या मानानें पन्नाशी म्हणजे फार झालें. पुतणी शेतकीची पदवी घेऊन, कांहीं वर्षें नोकरी करून गांवीं परत आली, आणि २०१९ सालीं तिनें अर्ध्या एकरांत नवी लागवड केली. दोन मीटरांवर ओळी आणि एका मीटरावर झाड. म्हणजे दादांच्या हिशेबानें जेथें चौपन्न बसलीं असतीं तेथें हजार. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनें ही दाट लागवड सिद्ध केली. झाड वर्षांतून दोन-तीनदां छाटून कमरेएवढें ठेवावयाचें, आणि प्रत्येक फळास सुपारीएवढें असतांनाच जाळी व पिशवी घालावयाची. मग माशी शिरत नाहीं. ठिबकनें पाणी मोजून जातें. आम्हांस आधीं हें सारें डोळ्यांना बोंचलें. पेरूचें झाड म्हणजे ज्यावर मूल चढूं शकतें तें, अशी आमची व्याख्या. पण फळ उत्तम येतें, हें कबूल केलें पाहिजे. एक गोष्ट तिनें बदलली नाहीं. बहार मृगाचाच.

हें लिहीत असतां चैत्र सरत आला आहे. पाणी तोडल्यास आज बावीस दिवस झाले. जुन्या चौदा झाडांचीं पानें पिवळीं पडून गळत आहेत, आणि विहिरींत चार पुरुष पाणी उभें आहे. वहिनींनीं वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं; कान मंद झाले, नजर शाबूत आहे. पंपाच्या खोलीची किल्ली १९९८ च्या जूनपासून देवघरांतील खुंटीवर असते. ती कोणी तेथें नेऊन ठेवली हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, आणि पुतणीला पंप सुरू करावयाचा असला म्हणजे ती अजूनहि आधीं देवघरांत जाते.